तुकडी पाहुण्यांना, सार काकींना: लोंबणाऱ्या दंडांचं एक प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकी माझ्याकडे आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. घरी उतरलेल्या पाहुण्यांनी निघताना गाडीतून काढलेला व्हिडिओ होता. काकी फाटकाशी उभ्या राहून हात करत होत्या. त्यांनी तो थांबवला आणि बोट ठेवलं ते स्वतःच्या दंडावर. हात वर होता आणि ब्लाउजच्या बाहीखालचं मांस खाली झोळासारखं लोंबत होतं.

"ह्यां बघ. पावणे सगळ्यांका धाडतत ह्यो व्हिडिओ."

मी मालवणात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या बायका मान, कंबर, गुडघे यांसाठी येतात आणि दंडांचा विषय उठून जाताना, दाराशी, हळू आवाजात काढतात. काकींनी तो पहिल्याच वाक्यात काढला, ते मला फार आवडलं. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

काकींचं वय ४९. देवबागच्या बाजूला, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीत त्यांचं घर आहे. चार खोल्या पर्यटकांना देतात, जेवणखाण काकी बघतात. हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. पाळी थांबून दोन वर्षं झालेली. उंची १५३ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय ३०च्या थोडा वर. आपल्याकडच्या लोकांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे स्थूलता धरतात. कंबर ९६ सेंटिमीटर, बायकांसाठी मर्यादा ८०. थायरॉइड ठीक होतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

दंडांसाठी त्यांनी आधी बरंच करून पाहिलं होतं. गरम खोबरेल तेलाने चोळणं झालं, ऑनलाइन मागवलेले घट्ट रबरी पट्टे झाले. पट्ट्यांनी घाम इतका यायचा की हात सुरकुतून जायचा, आणि काढल्यावर दंड तासभर बारीक वाटायचा. तो घाम म्हणजे पाणी, दोन पेले पाणी प्यायलं की परत जागेवर. चोळण्याने चरबी वितळत नाही. त्वचा मऊ होते, तेवढंच. एक महिना त्यांनी भात बंद केला होता. वजन तीन किलो उतरलं आणि पुढच्या दोन महिन्यांत चार किलो चढलं.

आधी दुसरं काही नाही ना, हे पाहणं गरजेचं होतं. एकच हात सुजला असेल, विशेषतः स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर ते लसिकेचं पाणी साचणं असू शकतं आणि तिथे उपचार वेगळा असतो. दोन्ही हातपाय सारखे जाड, दाबल्यावर दुखरे, जरा लागलं की काळेनिळे पडणारे, पण पंजे मात्र बारीक, असं असेल तर लिपेडिमाचा, म्हणजे हातापायांत चरबी विकृतपणे साठण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. काकींचे दोन्ही दंड सारखे होते, दुखत नव्हते, डाग नव्हते. आईचेही दंड असेच होते, असं त्या म्हणाल्या. ते महत्त्वाचं आहे, कारण चरबी आधी कुठे साठणार आणि शेवटी कुठून उतरणार हे बरंचसं घराण्यातून येतं.

टेप आणि चिमटा

दंडाचा घेर टेपने कुठेही मोजला तर पुढच्या वेळी आकडा वेगळाच येतो. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण केली. हात सैल सोडायला लावला. काकी पुन्हापुन्हा हात ताठ करत होत्या. मोजलं जातंय म्हटलं की माणूस आपोआप अंग आवळतो. तीनदा मोजून उजवा दंड ३४ सेंटिमीटर भरला. मग त्याच खुणेशी, दंडाच्या मागच्या बाजूला, कातडी आणि तिच्याखालची चरबी बोटांत उचलून कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने, धरली: ३२ मिलिमीटर.

या दोन आकड्यांतून एक साधा हिशेब निघतो. चिमटीची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला ३.१४ने गुणायचं आणि घेरातून वजा करायचं. उरतो तो आतल्या स्नायूचा, हाडासकट, अंदाजे घेर. काकींचा आला २४ सेंटिमीटरला किंचित कमी. मी त्यांना कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली. बाहेरचं मोठं, आतलं लहान. आपल्याला बाहेरचं आकसवायचंय आणि आतलं निदान राखायचंय, जमलं तर वाढवायचंय. नुसतं वजन उतरवलं तर दोन्ही आकसतात. मग कातडीला खालून आधार उरत नाही आणि दंड आणखी लोंबतो. भात सोडलेल्या महिन्यात काकींचं हेच झालं असणार.

"मग ह्याच हाताचो व्यायाम जास्त केलंय तर?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न सगळ्याच विचारतात. याचं उत्तर १९७१ साली टेनिसपटूंच्या हातांवरून मिळालं होतं. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट चालवणाऱ्यांचा तो हात दुसऱ्यापेक्षा जाड होता, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांत सारखीच निघाली. जाडी स्नायूची होती. पुढे २००७मध्ये बारा आठवडे एकाच हाताला व्यायाम देऊन एमआरआयने पाहिलं, तरी त्याच हाताची चरबी वेगळी उतरल्याचं दिसलं नाही. स्नायू राबतो म्हणून तो शेजारच्या चरबीवर जगत नाही. चरबी साऱ्या अंगातून रक्तात उतरते, शरीर ठरवेल त्या क्रमाने. दंडाच्या व्यायामाने दंडाचा स्नायू भरतो, चरबी उतरते ती एकूण खाण्या-राबण्याच्या हिशेबाने. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

दुपारी साडेतीन वाजता

काकी तेव्हा जरा वैतागल्याच. "गो बाय, दिवसभर हात चलतच आसतत माझे. मग ह्यो झोळ खंयसून इलो?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विहिरीचं पाणी, दिवसाला सहा-सात नारळ खवणणं, तांदळाच्या भाकऱ्या, चादरी पिळणं. राबणाऱ्या बाईला "व्यायाम करा" असं खुर्चीत बसून सांगणं मला जड जातं. म्हणून मी म्हटलं, एक दिवस तुमच्या स्वयंपाकघरात बसते. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या.

मी अकरा वाजता गेले. कळशी ओढताना कोपर वाकतं, म्हणजे काम दंडाच्या पुढच्या स्नायूचं आणि पाठीचं. खवणताना मनगट आणि खांदा. पिळताना पंजा आणि पुढचा हात. दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू, ट्रायसेप्स, हा दंडाच्या एकूण स्नायूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश असतो आणि त्याचं मुख्य काम कोपर सरळ करणं, म्हणजे ढकलणं. काकींच्या पूर्ण दिवसात जोर लावून ढकलण्याचं एकही काम मला दिसलं नाही. जी कामं होती ती हलक्या भाराची, हजार वेळा करायची. त्यांनी दम टिकतो, स्नायू भरत नाही. स्नायूला वाढायला सवयीपेक्षा जड काहीतरी लागतं. त्यात तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू आपोआप झिजतो, आणि पाळी गेल्यावर या झिजेला जोर येतो.

पण खरी गोष्ट मला ताटं वाढताना दिसली. त्या दिवशी बांगडा होता. पाहुण्यांना तळलेले अख्खे बांगडे आणि साराच्या वाटीत दोन-दोन तुकड्या. मग घरातले पुरुष. मग सासूबाई. मग काम करायला येणारी मुलगी, तिलाही काकींनी आग्रहाने तुकडी वाढली. साडेतीन वाजता काकी पाटावर बसल्या. ताटात उकड्या तांदळाच्या भाताचा ढीग, वर सार, कडेला लोणचं. सारात एक शेपटीचा तुकडा होता. मी विचारलं, तुमची तुकडी?

"माशाची तुकडी? ती खंय उरता!"

हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. भात ऊन असतो म्हणावं इतक्या सहज बोलल्या. मला मात्र घास गिळवेना. समुद्राच्या काठावर राहणारी, रोज दोन-तीन किलो मासळी साफ करणारी बाई दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम प्रथिनं खात होती, आणि तीही बरीचशी भातातून. सकाळी घावणे आणि चहा. दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे सहा चहा, त्यांच्याच साधारण २०० कॅलरी. स्वयंपाक करताना चवीला सार, सोलकढी, उरलेली भजी. रात्री साडेदहाला पुन्हा भात-सार. खोबऱ्याचा दाट रस असलेलं सार भातावर दोन वाट्या घेतलं की कॅलरी भरपूर होतात आणि स्नायू मात्र उपाशी राहतो. काकींच्या दंडाचं बाहेरचं वर्तुळ का फुगलं आणि आतलं का आकसलं, ते त्या एका ताटात होतं.

माझ्या मते या प्रकरणातला खरा उपचार तिथेच सुरू झाला. मी म्हटलं, वाढायला घेण्याआधी तुमच्या दोन तुकड्या वेगळ्या काढून झाकून ठेवायच्या. काकी गप्प झाल्या. आतून सासूबाई म्हणाल्या, "आधी पावण्यांका वाढ, मगे आपला बघ." ऐंशीच्या पुढचं वय, त्यांनीही आयुष्यभर असंच खाल्लं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि काकींच्या साखरेचा आकडा सांगितला. हे असंच चाललं तर गोळ्या सुरू होतील, म्हणाले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

काय केलं

आहार फारसा बदलला नाही, वाटणी बदलली. ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हे लक्ष्य ठेवलं. दोन मध्यम बांगड्यांचं मांस दीडशे ग्रॅम धरलं तर ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात. सकाळी दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. रात्री कुळथाची पिठी किंवा उसळ, कारण वाळलेल्या कुळथात शंभर ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. दोन वाट्या ताक, आणि वर भात-भाकरीतलं येतं ते. भात ठेवला, पण ढिगाऐवजी एक मुद. सार एक वाटी. तेल मोजायला एक चमचा ठरवून दिला, कारण मोठा चमचाभर खोबरेल म्हणजे १२० कॅलरी आणि फोडणीत हात सैल सुटतो. चहा तीनवर आले, साखर अर्धी. रात्रीचं जेवण पाहुण्यांच्या आधी, साडेसातला. हे शेवटचं जमायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. सुरुवात भिंतीवर हात टेकून जोर काढण्यापासून. ते बारा वेळा सोपं झालं की स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पडवीच्या कट्ट्यावर, मग पायरीवर. आधार जितका खाली, तितका अंगाचा भार जास्त. दोन तळहात जवळ ठेवले की ट्रायसेप्सवर जास्त ओढ येते. रबरी बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं बरगडीशी ठेवायची आणि खाली ढकलायचं. एक लिटरची रिकामी बाटली कोरड्या वाळूने भरली की दीड किलोच्या पुढे भरते, ती आमची डंबेल. वाळूची देवबागला काय कमी! सोबत खुर्चीवरून उठबस आणि वाकून बाटली वर ओढणं, कारण मांड्या-पाठीचे मोठे स्नायू सोडून नुसत्या दंडाच्या मागे लागणं मला पटत नाही. प्रत्येक प्रकाराच्या तीन फेऱ्या. खाली येताना मनात तीन मोजायचे. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. बारा सहज होत असतील तर भार वाढवायचा. आणि संध्याकाळी पाण्याच्या रेषेवरून न चालता जरा वरच्या मऊ वाळूतून अर्धा तास चालायचं. मऊ वाळूत कडक जमिनीपेक्षा साधारण दुप्पट ऊर्जा लागते.

इथे माझी चूक झाली. ट्रायसेप्सचा एक लांब भाग खांद्याच्या सांध्यापलीकडे, फऱ्याच्या हाडापासून निघतो. हात डोक्यावर नेला की तो ताणला जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच माणसाच्या एका हाताला डोक्यावरून आणि दुसऱ्याला खाली ठेवून कोपर सरळ करण्याचा व्यायाम दिला, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. डोक्यावरच्या हाताचा ट्रायसेप्स स्पष्टपणे जास्त भरला. हे डोक्यात असल्याने मी दुसऱ्याच आठवड्यात काकींना बाटली दोन्ही हातांत धरून डोक्यामागे नेऊन वर करायला लावली. त्यांचा उजवा हात वर जाताना अडत होता, ते मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं आणि कामाने आखडला असेल म्हणून सोडून दिलं होतं. चार दिवसांनी रात्री खांदा ठणकायला लागला. साखर वाढलेल्या, या वयाच्या बाईत खांदा गोठण्याची शक्यता जास्त असते, हे मला माहीत असताना मी घाई केली. तपासलं तेव्हा बाहेरच्या बाजूला हात पूर्ण फिरत होता, म्हणजे खांदा गोठलेला नव्हता, स्नायूबंध चिडला होता. डोक्यावरचं सगळं बंद केलं, खांद्याचे हलके व्यायाम दिले, बँड खाली ढकलणं चालू ठेवलं. नवव्या आठवड्यात अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून माझ्याकडे दंडासाठी आलेल्या प्रत्येकीचा खांदा मी आधी तपासते. खुर्चीच्या कडेवर मागे हात टेकून खाली-वर होण्याचा जो प्रकार सगळीकडे दाखवतात, तो मी या वयात सहसा देतच नाही. खांद्याच्या पुढच्या भागावर त्याचा फार ताण येतो.

सहाव्या आठवड्यात वजन दोन किलो उतरलं होतं, कंबर तीन सेंटिमीटर. दंड फक्त अर्धा. काकींचा चेहरा पडला. "सगळा उतारला, ह्योच ऱ्हवलो." मी चिमटीचा आकडा दाखवला, ३२वरून २९. घेराचा हिशेब केला तर आतलं वर्तुळ थोडं मोठंच झालं होतं. एवढ्या कमी दिवसांत मोजण्यातली चूकही त्यात असू शकते, हेही सांगितलं. पण कालच्यापेक्षा जड बाटली उचलली जातेय, ते त्यांच्या हाताला कळत होतं आणि त्यावर त्यांचा जास्त विश्वास बसला.

पाऊस

जूनमध्ये पाहुणे थांबले आणि काकींना आयुष्यात पहिल्यांदाच व्यायामाला दुपार मिळाली. पण मासळी थांबली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, बाजारात येईल ते महाग. सुकी मासळी घरात भरलेली होती. सुक्या बोंबलात, सोड्यांत प्रथिनं भरपूर, पण मीठही तितकंच. ते पाण्यात भिजवून, पाणी फेकून, आठवड्यातून दोनदाच घ्यायचं ठरलं. बाकी दिवस कुळीथ, चवळी, अंडी. या दोन महिन्यांत भिंतीवरून सुरू झालेले जोर पडवीच्या कट्ट्यावर आले.

गणपतीत पाच दिवस घर भरलं. मोदक, पातोळे, खीर. व्यायाम सुटला आणि वजन आठशे ग्रॅम चढलं. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. दहा दिवसांत ते परत उतरलं.

ऑक्टोबरच्या शेवटी, २८ आठवड्यांनी मोजलं. वजन ६४.५ किलो. म्हणजे साडेसहा किलो, दिवसाला सरासरी अडीचशे कॅलरींची तूट. इतकी हळू उतरण किती जणींना पुरेशी वाटेल ठाऊक नाही, पण मला हीच हवी होती. कंबर ८८. एचबीए१सी ५.७, अजून काठावरच, पण अलीकडच्या. दंडाचा घेर ३१.२, चिमटी २२ मिलिमीटर. हिशेब केला तर आतलं वर्तुळ २४.३. साडेसहा किलो उतरूनही स्नायू गेला नव्हता, किंचित वाढलाच होता. हात ताठ करून मूठ वळली की दंडाच्या मागे घोड्याच्या नालेसारखी रेषा दिसत होती, आणि काकी ती पुन्हापुन्हा बोटाने चाचपत होत्या.

झोळ पूर्ण गेला का? नाही. काखेच्या जवळ दोन बोटं रुंदीची सैल कातडी उरली आहे. वय, वर्षानुवर्षांचं ऊन आणि ताणलेली त्वचा, यांना व्यायाम पुरता पुसू शकत नाही. क्रीमने ती आवळत नाही. शस्त्रक्रियेने काढता येते, पण काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने कायमचा व्रण राहतो. हे सगळं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. कापाकापी नको, म्हणाल्या. आणखी सहा महिने असंच करून बघू, असं आमचं ठरलं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा मी दुपारी एकदा अचानक गेले. ताटं वाढायची होती, त्या दिवशी सुरमई होती. ओट्याच्या कोपऱ्यात, दोन लिटरच्या वाळूच्या बाटलीशेजारी, एक झाकलेली थाळी होती. काकी भाताचं पातेलं उतरवत होत्या. सासूबाई दारातून म्हणाल्या, "तुझी तुकडी आधी काढ, मगे वाढूक घे." काकींनी झाकण उचलून त्यांना दाखवलं. आत चार तुकड्या होत्या. दोन स्वतःच्या, दोन सासूबाईंच्या.